निळ्या पिंपातली माणसं

अप्पा गेले तेव्हा मागच्या अंगणातल्या हौदात सात मासे होते. संक्रांतीला पाच राहिले, होळीला तीन. मनोरमाबाईंच्या हातून उभ्या आयुष्यात साधी बशी फुटली नव्हती, आणि भावाने मागे ठेवलेले हे सात चिमुकले जीव काही त्यांच्याच्याने सांभाळले जाईनात. सकाळी मागचं दार उघडलं की त्या आधी पाण्याकडे बघत. पांढरं पोट वर करून कोणी तरंगताना दिसलं, की त्या जुन्या झाऱ्यावर त्याला अलगद उचलत, कण्हेरीखाली पुरत, आणि मग तो झारा तीन तीनदा घासून उन्हात ठेवत.

शिवाजी पार्कच्या मागल्या गल्लीतली ती तीन मजली इमारत. तळमजल्यावर दिघ्यांचं बिऱ्हाड साठ-बासष्ट सालापासून. एके काळी या तीन खोल्यांत नऊ माणसं होती, शिवाय परीक्षेला नाहीतर नोकरीला म्हणून पनवेलहून आलेलं कोणी ना कोणी. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी तळलेल्या पापलेटांचा वास जिन्यात शिरला, की वरच्या मजल्यावरचे गोडबोले खिडक्या लावून घेत. पाण्यातल्या जिवाशी या घराचा संबंध आला तो असा. त्यामुळे शाळेतून निवृत्त झाल्यावर अप्पांनी मागच्या दहा बाय बाराच्या पट्टीत स्वतःच्या हातांनी हौद बांधला आणि त्यात नारिंगी मासे आणून सोडले, तेव्हा गोडबोले मुद्दाम खाली उतरून आले होते.

"दिघ्यांच्या घरी मासे, आणि चक्क पोहतायत?"

अप्पा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला.

अप्पांची बायको लवकर गेली, त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मनोरमाबाईंनी केलंच नाही. विमा कचेरीत छत्तीस वर्षं काढली आणि घर राखलं. घर त्यांचं, हौद अप्पांचा, अशी सरळ वाटणी होती. हौदाला त्या 'डबकं' म्हणत. पंधरा वर्षांत त्यांनी त्या पाण्याला बोट लावलं नव्हतं.

आणि घर राखलं म्हणजे कसं? पाहुण्याने पाण्याचं भांडं खाली ठेवायचा अवकाश, की ते मोरीत. गादीवर कोणी बसलं की उठल्यावर चादरीची सुरकुती काढायची. शीवला राहणारी भाची श्रेया एकदा तोंडावरच म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे आलं ना, की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं गं." मनोरमाबाईंना ते कौतुक वाटलं होतं. श्रेयाचं येणं पुढे गणपती-दिवाळीवर आलं, ते कामाच्या रगाड्यामुळे असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं.

अप्पा गेले दिवाळीच्या तोंडावर. पौषापर्यंत हौदाचं पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं. मनोरमाबाईंना जे येत होतं ते त्यांनी केलं. पदर खोचला, मासे बादलीत काढले, हौद रिकामा केला, तारेच्या ब्रशने तळापासून घासला आणि नळाला पाइप लावून काठोकाठ भरला. पाणी काचेसारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दोन मासे मेले.

तेव्हा गुणाजी पहिल्यांदा मागच्या बाजूला आले. गुणाजी राणे लालबागचे, सत्तरीला टेकलेले. इमारतीचा पंप आणि टाकीचा वॉल्व त्यांच्याकडे होता. रोज संध्याकाळी सव्वापाचला येत, वॉल्व उघडत, पुढच्या इमारतीत जात. त्याआधीची वीस वर्षं त्यांनी परळच्या एका गिरणीत, कापड पांढरं करायच्या ब्लीचिंग खात्यात काढली होती. गिरणी बंद पडली आणि हाताला पाणीच चिकटून राहिलं, असं ते म्हणत.

"ताई, नळाचं पाणी थेट सोडलात?"

"मग काय विहिरीचं आणू?"

"अवो, क्लोरीन असतं त्यात. आपण पितो, आपल्याला काय होत नाय. पण त्यांच्या कल्ल्यात ते मिरचीपूड गेल्यागत झोंबतं. वीस वर्षं ब्लीचिंगात गेली माझी, मला विचारा." त्यांनी पंजे पुढे केले. नखं अजून पांढुरकी होती.

"मग करू तरी काय? अप्पांचे सात होते, पाच राहिले. हेही गेले तर..."

गुणाजींनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं. "पाणी बदलायचंच नाय. तेच पाणी फिरवायचं, गाळायचं, परत सोडायचं. आमच्या गिरणीत असं खोलीएवढं होतं. आपण पिंपाएवढं करू."

तीन संध्याकाळी ते काम चाललं. पाणीकपातीच्या दिवसांत घेतलेलं निळं पिंप माळ्यावर होतं. मनोरमाबाईंनी ते आतून-बाहेरून धुऊन दिलं. गुणाजींनी कुठूनसा कूलरचा छोटा पंप आणला, पाइपाचे तुकडे आणले. पिंपाला भोक पाडायला लोखंडी सळई तापवायची होती, आणि ती मनोरमाबाईंनी आपल्या गॅसवर तापवू दिली. जळक्या प्लास्टिकचा वास स्वयंपाकघरात भरला तेव्हा त्या नाकाला पदर लावून उभ्या होत्या, पण बोलल्या नाहीत. अप्पांना हे सांगितलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

पिंपाच्या तळाशी विटांचे तुकडे, त्यावर खडी, त्यावर भांडी घासायच्या नायलॉनच्या दोन डझन जाळ्या, सगळ्यात वर जुन्या गादीतला स्पंज. पंप हौदातलं पाणी पिंपाच्या बुडाशी ढकलणार, ते या सगळ्यातून वर चढणार आणि वरच्या नळीतून पुन्हा हौदात पडणार.

"विटा ओल्या कशा?" गुणाजींनी विचारलं.

"धुतल्या मी. मातीने भरल्या होत्या."

"ताई, वीट मातीचीच असते."

मनोरमाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी. जाळ्यांच्या मोळ्या त्यांनीच बांधल्या, वेणी घालताना घालतात तशा घट्ट पीळ देऊन. गुणाजींना चहा खिडकीच्या गजांतून दिला जाई, तो ते बाहेर उभ्याने पीत. तिसऱ्या दिवशी मनोरमाबाईंच्या ध्यानात आलं, की पाच वाजायच्या आतच आपण आधण ठेवून बसलोय.

पंप सुरू झाला आणि नळीतून पाण्याची धार हौदात पडली. स्वयंपाकघरात उभं राहून त्या तो आवाज ऐकत राहिल्या. आपण केला नाही असा आवाज त्या घरात तीन महिन्यांत पहिल्यांदा होत होता.

"झालं," गुणाजी हात पुसत म्हणाले. "आता मासे वाचतील. फक्त हात लावायचा नाय. नुसतं बघायचं."

दुसऱ्या दिवसापासून गुणाजी वॉल्व उघडून फाटकातूनच हात हलवून जाऊ लागले. त्यांचं काम झालं होतं.

आठव्या दिवशी मनोरमाबाईंनी सहज म्हणून पिंपाचं झाकण उचललं. स्पंजावर तपकिरी, बुळबुळीत थर बसला होता. जाळ्यांना बोट लावलं तर शेवाळी लाळ. "शी!" त्या मोठ्यानेच म्हणाल्या. माशांचं पाणी या असल्या घाणीतून जायचं? शनिवार होता. त्यांनी पातेलंभर पाणी कडकडीत तापवलं, त्यात सोडा टाकला, स्पंज आणि जाळ्या भिजवल्या, घासल्या, नळाखाली स्वच्छ पाणी येईस्तोवर खळबळल्या आणि दोरीवर वाळत घातल्या. संध्याकाळी सगळं जागच्या जागी. मन कसं निवलं. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

पाणी मात्र सुधारेना. आधी दुधाळ झालं, मग परत हिरवं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत. मनोरमाबाईंनी गुणाजींना बोलावलं. त्यांनी पंप उघडून पाहिला, पाइप बदलला, डोकं खाजवलं. दोन दिवसांनी पुन्हा आले. पिंपात काही गोम असेल असं त्यांना वाटेना, कारण पिंप त्यांनीच केलं होतं. धुण्याचं मनोरमाबाईंनी लपवलं नव्हतं. सांगावं असं ते त्यांना वाटलंच नाही. आज मी आंघोळ केली, असं कोणी सांगत सुटतं का? एक मासा गेला, आणि होळीच्या आदल्या दिवशी आणखी एक.

धुळवडीच्या संध्याकाळी गुणाजी कानामागे गुलाल घेऊन आले आणि त्यांनी पहिल्यांदा झाकण उचललं. स्पंज नवा कोरा, पांढरा. त्यांनी तो दाबला, नाकाशी नेला.

"ताई, हा बदललात?"

"छे, बदलते कशाला? धुतला."

"कधी?"

"परवा. शनिवारी. दर शनिवारी धुते मी. कडकडीत पाण्याने, सोडा घालून. जाळ्यापण."

गुणाजी हौदाच्या कठड्यावर मटकन बसले. मनोरमाबाईंना कळेना की एवढं काय झालं.

"ताई, ती घाण नव्हती," ते म्हणाले. "ते कामगार होते."

"कोण?"

"डोळ्याला दिसत नायत असले जीव. माशांची घाण, कुजलेलं पान, सगळं तेच खातात, म्हणून पाणी साफ राहतं. स्पंज काय, जाळी काय, ती नुसती त्यांची राहायची खोली. तुम्ही काय केलंत? बिचारे कुठून कुठून येऊन जमले, काम चालू केलं, की शनिवारी उकळतं पाणी ओतून टाळेबंदी! पुढल्या आठवड्याला परत नवीन भरती, परत टाळेबंदी. रोज नव्या बदलीवाल्यांच्या, तात्पुरत्या माणसांच्या जिवावर गिरणी चालते होय?"

मनोरमाबाईंचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मी निगा राखतेय."

"निगाच राखलीत. जरा जास्तच राखलीत." मग त्यांनाच आपल्या बोलण्याचं वाईट वाटलं असावं. "चूक माझी पण आहे. हात लावू नका म्हटलं, का ते सांगितलं नाय. आम्हाला मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलेलं."

"आता किती दिवस लागतील? नवी... भरती व्हायला?"

"सहा-सात आठवडे. खाऊ अगदी चिमटीभर घाला. पाणी घालायचं तर दोन दिवस उघड्यावर ठेवलेलं. आणि शनिवारी घराबाहेर जात जा, ताई, नायतर हात शिवशिवतील तुमचे."

"आणि हे तिघं?"

"तगले तर तगले," गुणाजी म्हणाले.

शनिवारी घराबाहेर जायला मनोरमाबाईंना जागा नव्हती. पहिल्या शनिवारी वाचनालयात जाऊन आल्या, तिथे ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. दुसऱ्या शनिवारी दहा वाजता त्या भानावर आल्या तेव्हा गॅसवर पातेलं चढलेलं होतं आणि पाण्याला कढ आला होता. सवयीच्या हातांनी ते चढवलं होतं. आता तापलंच आहे तर, निदान वरचा स्पंज तेवढा, असं म्हणत त्या फडक्याने पातेलं धरून मागे गेल्या. पातेलं खाली ठेवलं. झाकण उचललं.

थर पुन्हा धरू लागला होता. त्यांनी मन घट्ट करून हात आत घातला, बुळबुळीत जाळीची एक मोळी वर काढली, आणि वास आला.

ओल्या मातीचा, किंचित गोडसर, किंचित कुबट. अप्पांचा वास. पंधरा वर्षं रोज सकाळी अप्पा हौदाकडून आत येत तेव्हा त्यांच्या मनगटांना, बाह्यांना, पंचाला हा वास असे, आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडत, आधी हात धुवा. मनोरमाबाई ती गळती मोळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

अप्पांच्या तेराव्यापर्यंत त्यांनी सगळं घर धुऊन काढलं होतं. सुतक फिटलं की धुवायचंच असतं, पण त्यांनी काही म्हणता काही ठेवलं नाही. उशांचे अभ्रे, पंचे, स्वेटर, आरामखुर्चीचं कापड. त्या कापडावर डोकं टेकून टेकून तेलाचा काळसर डाग पडला होता, तो जाईना म्हणून दोन दिवस सोड्यात भिजवलं होतं. गुरुजी म्हणाले, घर शुद्ध झालं हो. इतकं शुद्ध झालं, की पुढे एकदा न राहवून त्यांनी अप्पांचं कपाट उघडून कपड्यांत तोंड खुपसलं, तेव्हा साबणाशिवाय काही हाती लागलं नाही. तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता रडल्या, भर सकाळी, हात कोपरापर्यंत घाणीत.

वरच्या गॅलरीतून अक्षदाने, गोडबोल्यांच्या नातसुनेने, हाक मारली. "आजी, काय झालं? पडलात का?"

"नाही गं. मासे बघतेय."

"अहो, कशाला एवढा त्रास घेता त्या माशांचा? नवीन आणून सोडा ना. सेमच दिसतात सगळे."

मनोरमाबाईंनी मोळी जागेवर ठेवली, झाकण लावलं आणि पातेल्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं.

मग नुसतं बघणं आलं. तिसऱ्या आठवड्यात, शेपटीला काळा ठिपका असलेला मासा कुशीवर कलून पोहू लागला. मनोरमाबाई दोन दिवस स्टुलावर बसून त्याच्यावर डोळा ठेवून होत्या, जणू नजर काढली की तो जाईल. वालाचं बिरडं करायचं म्हणून त्यांनी मोड आलेले वाल सोलायला घेतले. नऊ माणसांच्या घरात या कामाला सगळे गोल करून बसत. आता वाटीभर वाल सोलायला एक दुपार पुरली, आणि ते बिरडं त्यांना तीन दिवस पुरलं. मासा चौथ्या दिवशी गेला. राहिले दोन. गुणाजी फाटकातून बोटांनीच विचारत, किती? त्या दोन बोटं दाखवत.

एप्रिलचं ऊन तापलं. त्या रोज सकाळी पाण्यात हात बुडवून बघू लागल्या. आधी बोटांची पेरंसुद्धा दिसत नव्हती. मग पेरं दिसली, मग बांगडी, मग मनगट. सहाव्या आठवड्यात एकदम काही दिवस काहीच पुढे सरकलं नाही आणि त्यांची आशा सुटत आली. सातव्या आठवड्यात, एका सकाळी दार उघडलं तर हौदाचा तळ दिसत होता. करडा सिमेंटचा तळ, अप्पांच्या थापीचे वेडेवाकडे फराटे, आणि त्यांच्यावर दोघांच्या दोन सावल्या. मासे वर येऊन धापा टाकत नव्हते. खाली निवांत होते.

हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. श्रेयाला फोन लावला.

"अगं श्रेया, पाणी स्वच्छ झालं! दोघं वाचले."

"कोण दोघं? अगं हां, मासे! वॉव. मावशी, फोटो पाठव ना, मी आत्ता मीटिंगमध्ये शिरतेय."

त्यांनी फोटो काढला. त्यात पाणी आलं नाही, मासे आले नाहीत. आभाळाचा तुकडा आला आणि फोन धरून वाकलेली एक म्हातारी आली. त्यांनी तोच पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला.

सव्वापाचला फाटक वाजलं तेव्हा त्या पुढच्या दारात उभ्या होत्या. "गुणाजी, बघायला या."

गुणाजी हौदाशी ओणवे झाले. "चालली," मग म्हणाले. "चालली की ओ गिरणी!"

"चहा ठेवलाय. आत या. बसून घ्या आज."

गुणाजींनी आपल्या पायांकडे पाहिलं. टाकीखालच्या चिखलात उभे राहिलेले पाय. "नको, ताई. तुमची लादी खराब व्हायची."

"होऊ दे. पुसता येते लादी."

"पुसता येते, पण नको. इथंच बरं. सवय झालीय." ते हसून म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कोणी ओलांडू नका म्हटलंही नव्हतं. तशी वेळच आली नाही. आणि एका संध्याकाळच्या बोलावण्याने तो ओलांडला जाणार नव्हता, हे मनोरमाबाईंना उमगलं.

त्या आत गेल्या. दोन कप घेऊन मागच्या दाराने बाहेर आल्या आणि कठड्यावर, हातभर अंतर ठेवून, त्यांच्या शेजारी बसल्या. गुणाजी आधी जरा अवघडले, मग चहा पिऊ लागले. गिरणीच्या आवारात तलाव होता म्हणाले. इंजिनाचं गरम पाणी निवायला त्यात सोडत. त्यात हातभर मासे होते, जेवणाच्या सुट्टीत भाकरीचा तुकडा टाकला की उसळ्या मारायचे. पुढे त्या माशांचं काय झालं, कोणाला ठाऊक नाही.

"आता माझं काम नाय इकडे," कप ठेवत ते म्हणाले. "दिवाळीला पंप एकदा खोलून बघेन."

"दिवाळीला," मनोरमाबाई म्हणाल्या. पाणी धारेने पडत होतं. "गुणाजी, आता नवे मासे सोडले तर चालतील? अप्पांचे सात होते."

"एकदम नको. पिंपातल्या कामगारांना दोघांचीच सवय आहे. एकदम पाच आणलेत तर काम झेपणार नाय, आणि हे दोघं पण जातील. हळूहळू. महिन्याला एक."

"मग पुढल्या महिन्याच्या पहिल्या तारखेला एक आणते. सोडताना तुम्ही हवेत. माझ्याच्याने काही चुकायला नको."

"एकासाठी?"

"एकासाठी."

गुणाजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माशांकडे. "येतो," म्हणाले, आणि शेजारच्या इमारतीची टाकी वाहत असेल म्हणून लगबगीने निघून गेले.

फाटक लागल्याचा आवाज आला. वर गॅलरीत अक्षदाने कपडे काढून नेले आणि दार लावलं. मनोरमाबाईंनी चिमटीभर दाणे पाण्यावर टाकले. दोघं वर आले, खाल्लं न खाल्लंसं करून पुन्हा तळाशी गेले. मे महिना नुकताच लागला होता. एकतीस दिवसांचा.